विज्ञानातील सहकार्य आणि पंगतीचा प्रश्न

आपल्या विद्यापीठांच्या भाषेत अलीकडे एक शब्द वारंवार ऐकू येतो : आंतरविद्याशाखीय संशोधन-समूह, ज्याला 'क्लस्टर' असेही म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिल्यापासून तर या शब्दाला प्रतिष्ठाच आली आहे. कल्पना साधी आहे. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, गणित या विषयांच्या माणसांनी आपापल्या विभागाच्या भिंती ओलांडून एकाच प्रश्नाभोवती गोळा व्हावे, उपकरणे वाटून वापरावीत, एकमेकांना शिकवावे. निसर्गाने स्वतःचे असे विभाग पाडलेले नाहीत. ते माणसाने सोयीसाठी पाडले. तेव्हा या कल्पनेला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानाच्या उंबरठ्याबाहेर ठेवले गेले, त्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या समूहात कोण बसणार, कोणत्या नात्याने बसणार आणि केलेल्या कामावर नाव कोणाचे लागणार?

हा प्रश्न हवेतला नाही. त्याचे उत्तर विज्ञानाच्या इतिहासातच शोधता येते.

लंडनमधील ज्या अर्थशास्त्र-विद्यालयात बाबासाहेबांनी अभ्यास केला, तेथून चालत काही मिनिटांवर किंग्ज कॉलेज आहे. १९४६ साली जॉन रँडल तेथे भौतिकीचे प्राध्यापक झाले. युद्धकाळात रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनच्या निर्मितीत त्यांचा मोठा वाटा होता. भौतिकीची साधने घेऊन सजीव पेशीचा अभ्यास करायचा, या हेतूने त्यांनी आपल्या विभागातच एक मिश्र समूह उभा केला. भौतिकीवाले, रसायनवाले, जीवशास्त्रवाले एकाच छताखाली आले. त्यांत स्त्रियाही त्या काळाच्या मानाने बऱ्याच होत्या. लोक गमतीने त्याला 'रँडलची सर्कस' म्हणत.

डी.एन.ए. या रेणूची रचना शोधणे हे या समूहाचे एक काम होते आणि ते कोणा एका विषयाच्या आवाक्यातले नव्हते. रेणू न मोडता पेशीतून डी.एन.ए. वेगळा काढायचा, तर जीवरसायनाचे ज्ञान हवे. त्या चिकट द्रवातून केसाहून बारीक तंतू ओढायचा, तर हातात कसब हवे. तंतूवर क्षकिरण सोडून ते कसे विखुरतात याचे छायाचित्र घ्यायचे, तर भौतिकी हवी. त्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी ओळखायची, तर गणित हवे. कॅमेऱ्यातील हवा किती दमट ठेवायची हे ठरवायला रसायनवाला हवा. १९५१ च्या जानेवारीत रुजू झालेल्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी नेमके हेच साधले. ओलावा काटेकोरपणे कमीजास्त करून त्यांनी दाखवून दिले की डी.एन.ए.ची कोरडी आणि ओली अशी दोन रूपे आहेत आणि आधीच्या छायाचित्रांत ती एकमेकांत मिसळलेली होती. मे १९५२ मध्ये त्यांनी व त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी ओल्या रूपाचे, साठ तासांहून अधिक काळ किरण सोडून, जे छायाचित्र घेतले, ते 'छायाचित्र क्रमांक ५१' म्हणून प्रसिद्ध आहे.

समूहाची रचना उत्तम होती. बिघाड माणसांच्या व्यवहारात होता. रँडल यांनी फ्रँकलिन यांना पत्राने कळवले होते की क्षकिरणांचे हे काम त्या आणि गॉस्लिंगच पाहतील. आधीपासून त्या कामात असलेल्या मॉरिस विल्किन्स यांना मात्र या पत्राचा पत्ता नव्हता. बाई आपल्या मदतीला आल्या, असे ते समजून होते. कोणाचे काम कोणते हेच स्पष्ट नसल्यावर सहकार्य कसले? त्यातच कॉलेजातील एक विश्रामखोली फक्त पुरुष अध्यापकांसाठी राखीव होती. स्त्रीपुरुषांनी एकत्र जेवण्याची खोलीही तेथे होती, हे खरे. पण विज्ञानातील निम्मे बोलणे जेवणानंतरच्या गप्पांत होते, आणि जिला तेथे प्रवेश नाही तिच्याविषयी तेथे बोलले जाते, तिच्याशी नाही.

पुढचे सर्वश्रुत आहे. ते छायाचित्र गॉस्लिंग यांच्याकडून विल्किन्स यांच्याकडे रीतसर आले होते. परंतु जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी ते केंब्रिजच्या जेम्स वॉटसन यांना दाखवले, ते फ्रँकलिन यांच्या नकळत. त्यांची मोजमापे असलेला अहवालही केंब्रिजला पोचला. २५ एप्रिल १९५३ रोजी 'नेचर'मध्ये वॉटसन व क्रिक यांचा लेख पहिला छापला गेला आणि फ्रँकलिन-गॉस्लिंग यांचा तिसरा. १९५८ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, फ्रँकलिन वारल्या. १९६२ चे नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. मृतांना ते दिले जात नाही. पण जिवंतपणीही त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना धडपणे मिळाले नव्हते.

या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. १९५३ च्या मार्चमध्ये फ्रँकलिन बर्कबेक कॉलेजात गेल्या. १८२३ साली कारागिरांसाठी स्थापन झालेली, दिवसभर राबणाऱ्यांना संध्याकाळी शिकवणारी ही संस्था. इमारत जुनाट, पैसा तोकडा. तेथे दक्षिण आफ्रिकेतून आलेले आरन क्लुग आणि दोन तरुण विद्यार्थी यांना घेऊन त्यांनी तंबाखूच्या विषाणूवर छोटा समूह उभा केला, अमेरिकेतील व जर्मनीतील शास्त्रज्ञांशी नमुन्यांची देवाणघेवाण केली आणि विषाणूतील आर.एन.ए. प्रथिनांच्या वेटोळ्यात नेमके कोठे असते हे दाखवले. त्याच वाटेने पुढे जाऊन क्लुग यांना १९८२ मध्ये नोबेल मिळाले. बाई त्याच, बुद्धी तीच. एका समूहात त्यांची घुसमट झाली, दुसऱ्यात त्या फुलल्या. फरक उपकरणांचा नव्हता, बरोबरीच्या वागणुकीचा होता.

आता आपल्याकडे पाहू. तेथे भिंत स्त्री-पुरुषांमधली होती. येथे तीही आहे आणि शिवाय जातीची आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले. हात आणि डोके वेगळ्या जातींत वाटून टाकणाऱ्या समाजात प्रयोगशाळेचे विज्ञान वाढणार कसे? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये जो अहवाल दिला, त्यात दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात, जेवणात, खेळात वेगळे पाडले जाते आणि अध्यापकांकडून पुरेसे मार्गदर्शन मिळत नाही, असे नोंदले आहे. जेथे पंगत एक नाही तेथे प्रयोग एक कसा होणार? शिवाय २००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था प्रवेश-आरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमाने मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशा काही संस्थांना आरक्षणातून वगळले आहे. म्हणजे जेथे असे समूह सर्वाधिक सहज उभे राहू शकतात, तेथलाच दरवाजा अरुंद.

म्हणून समूहांचे स्वागत करताना काही अटी घातल्याच पाहिजेत. समूहात घेण्याची निवड जाहीर असावी आणि तिला आरक्षण लागू असावे. ओळखीपाळखीच्या वर्तुळातून समूह जमला, तर जुन्याच अग्रहाराला नवे नाव मिळेल. प्रत्येकाचे काम आणि श्रेय आरंभीच लिहून ठरावे, आणि त्यात उपकरणे चालवणाऱ्या तंत्रज्ञाचाही समावेश असावा. विद्यार्थ्याचे भवितव्य एकाच मार्गदर्शकाच्या मर्जीवर टांगलेले नसावे. समूहात चार ज्येष्ठ असतील तर त्याला चौघांकडे जाता आले पाहिजे. समूहाचा खरा लाभ तोच आहे.

आपल्यांतली पहिली पिढी आता पीएच.डी.च्या दाराशी उभी आहे. आत घेतले म्हणून तिने कृतज्ञ व्हावे, अशी अपेक्षा केली जाईल. तिने कृतज्ञ होण्याआधी आपले काम कोणते, कोणाबरोबर आणि कोणाच्या नावावर, हे लेखी मागावे.