श्रम-उत्पादकता व चलननीती

श्रम-उत्पादकता म्हणजे कामाच्या दर तासामागे होणारे उत्पादन. वेतन ५ टक्क्यांनी व उत्पादकता ३ टक्क्यांनी वाढल्यास दर नगामागील श्रमखर्च सुमारे २ टक्क्यांनीच वाढतो. म्हणून वेतनवाढीतून भाववाढ कितपत उद्‌भवेल, हे मध्यवर्ती बँकेस उत्पादकतेवरून अजमावावे लागते. मात्र उत्पादकतेतील बदल आकडेवारीत उशिरा उमटतो. अमेरिकेत १९७३ नंतर उत्पादकतावाढ मंदावली, हे तेथील फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या वेळीच ध्यानात आले नाही. व्याजदर अपुरे राहिले. त्यात खनिज तेलाच्या दरवाढीची भर पडून १९८० मध्ये ग्राहक किंमती १३ टक्क्यांहून अधिक वाढल्या. १९९६ मध्ये स्थिती नेमकी उलट होती. बेरोजगारी घटत असल्याने दरवाढीचा आग्रह होत होता. परंतु नफा टिकून असता उत्पादकता खुंटल्याचे दाखविणारे आकडेच सदोष असावेत, असे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी मानले व सप्टेंबरमध्ये दर ५·२५ टक्क्यांवरच ठेवण्यात आला. पुढील आकडेवारीने हे धाडसी अनुमान बव्हंशी खरे ठरविले. तथापि उत्पादकतेच्या अपेक्षेने समभागांचे भाव व लोकांचा खर्चही वाढतो. मे २००० पर्यंत तोच दर ६·५ टक्क्यांवर न्यावा लागला.