मधली वेळ : शाळा सुटल्यानंतरचे स्वयंपाकघर आणि बालकाचा अग्नी

सायंकाळच्या रुग्णतपासणीत बालकांच्या माता एक तक्रार हमखास मांडतात : "जेवतच नाही हो, डॉक्टर." तपासावयास घेतले असता वजन फारसे घटलेले आढळत नाही. जिव्हा मात्र साम असते, उदर किंचित आध्मानयुक्त असते, मलप्रवृत्ती एक-दोन दिवसांआड होते. आपण केसपेपरवर अरुची, अग्निमांद्य, क्वचित कृमी असे लिहितो आणि दीपन-पाचनाची योजना करतो. प्रस्तुत लेखिकेनेही ठाकुर्लीतील आपल्या दवाखान्यात कित्येक वर्षे हेच केले. ही योजना चुकीची नसते. परंतु ती ज्या घरात जाऊन पोहोचते, त्या घरातील दुपारी चार ते रात्री साडेनऊ हा काळ आपण विचारातच घेत नाही, असे आता वाटते.

नऊ वर्षांचा एक मुलगा दोन महिने माझ्याकडे उपचारासाठी येत होता. हिंग्वष्टक चूर्ण, तुपासह, भोजनाच्या प्रथम ग्रासाबरोबर, अशी सर्वमान्य योजना होती. लाभ शून्य. तिसऱ्या खेपेस आईऐवजी आजी आल्या. त्यांनी सरळ विचारले, "अहो ताई, पण पहिला घास कुठला धरायचा? साडेपाचचा, सातचा की साडेनऊचा?" मजजवळ उत्तर नव्हते.

आजींनी मग दिनक्रम सांगितला. साडेपाचला शाळेतून आल्यावर चॉकलेटची पावडर घातलेले दूध व बिस्किटे. साडेसहाला क्लासला निघताना फरसाणाची मूठ. आठला परतल्यावर वेफर्सचे पाकीट, कारण जेवणास अजून अवकाश असतो. आणि साडेनऊला, वडील घरी आल्यानंतर, पोळी, भाजी, वरण, भात. या चौथ्या आहाराच्या वेळी मुलगा ताटावर डुलक्या घेतो, त्यालाच घरची मंडळी "जेवत नाही" असे म्हणतात. चरकाचार्यांनी ग्रहणीचिकित्सिताध्यायात समशन, विषमाशन व अध्यशन यांची जी लक्षणे सांगितली आहेत, ती तिन्ही एका सायंकाळात एकत्र आलेली होती. पूर्वीचा आहार पचण्याआधी दुसरा घेतला जात असेल, तर दीपन द्रव्याने दीपन तरी कशाचे करावयाचे?

त्या कुटुंबास दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ठाकुर्लीस केवळ धिम्या गाड्या थांबतात; मुंबईच्या टोकापासून येथवर यावयास सव्वा तासाहून अधिक वेळ गाडीतच जातो. कार्यालय सहाला सुटले तरी घराचे दार गाठेपर्यंत आठ-साडेआठ होतात, आणि पावसाळ्यात गाड्या रखडल्या की किती वाजतील याचा नेम नसतो. आई-वडील दोघेही नोकरीस जाणारे असतील, तर शाळा सुटल्यापासून त्यांच्या आगमनापर्यंत स्वयंपाकघर वृद्ध आजी, पाळणाघरातील मावशी किंवा खुद्द बालकाच्याच हाती असते. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्याचे निर्देश दिले. बालकांच्या निद्रेच्या दृष्टीने निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु ज्या घरात थोरले अपत्य सकाळच्या पाळीत व धाकटे नंतरच्या वेळेत शाळेत जाते, तेथे दोघांच्या भुकेच्या वेळा आता अधिकच निराळ्या झाल्या आहेत.

आजींचे घर माझ्या वाटेवरच होते. त्यांच्या परवानगीने मी स्वयंपाकघर पाहिले. ही गृहभेट नऊ-दहा मिनिटांची होती आणि दोन महिन्यांच्या प्रश्नपरीक्षेने जे सांगितले नव्हते ते तिने सांगितले. मुलाचा हात जेथे सहज पोहोचतो त्या खालच्या फडताळात बिस्किटे, वेफर्स, फरसाण. साळीच्या लाह्यांचा पत्र्याचा डबा माळ्यावर. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घरात होती, गावाहून आलेली, उत्तम प्रतीची. परंतु ती ज्या मोठ्या स्टीलच्या डब्यात होती त्याचे झाकण संधिवाताने आखडलेल्या आजींच्या बोटांनी उघडत नव्हते. तूप शीतकपाटात, दगडासारखे गोठलेले. घरात पथ्य होते. ते हाताला लागत नव्हते, इतकेच.

विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधिविशेषायतने आठ सांगितली आहेत. त्यांपैकी प्रकृती, करण, संयोग यांविषयी आपण रुग्णास पुष्कळ सांगतो, राशीविषयी थोडे, काल आणि उपयोगसंस्था यांविषयी बहुधा एक वाक्य : "वेळेवर जेवा." वेळेवर म्हणजे केव्हा, ते कोणी वाढावयाचे, वाढणाऱ्याच्या हाताशी काय असेल, हे प्रश्न आपण गृहिणीवर सोपवतो आणि गृहिणी त्या वेळी गाडीत उभी असते.

आम्ही त्या घरात दोनच गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे साडेपाचचा आहार हा 'खाऊ' न राहता लहानसे का होईना, पण भोजन झाला. दुपारचा मऊ भात गरम करून त्यावर मेतकूट व तूप. किंवा सकाळीच मळून ठेवलेल्या भाजणीचे एक थालीपीठ. किंवा मुगाची खिचडी. आपल्या डोंबिवली परिसरात पोळी-भाजी केंद्रे गल्लोगल्ली आहेत व अनेक घरी पोळ्या तेथूनच येतात, त्यामुळे सायंकाळी कणिक मळण्याचा प्रश्न बहुधा नसतोच. प्रश्न असतो तो मांडणीचा. म्हणून दुसरी गोष्ट मांडणीची केली. मुलाच्या खांद्याच्या उंचीचा एक कप्पा केवळ मधल्या वेळेसाठी राखला. त्यात फिरकीच्या झाकणाच्या लहान बरण्यांत लाह्या, भाजलेले शेंगदाणे व गूळ, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या. मेतकूट पंधरा दिवसांपुरतेच लहान बरणीत काढलेले. तुपाची वाटी बाहेर, ओट्यावर. तांब्या-भांडेही तेथेच, कारण पुष्कळदा मूल भूक म्हणून जे सांगते ती तहान असते. बिस्किटांस घरातून हद्दपार केले नाही. ती माळ्यावर गेली आणि लाह्या खाली आल्या.

येथे द्रव्यांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण 'घरचे ते सारे हलके' असा समज आपल्या रुग्णांत दृढ आहे. लाजा लघु व छर्दी-अतिसारातही पथ्य. पृथुक म्हणजे पोहे मात्र गुरू, बल्य व विष्टंभी. सायंकाळी सहाला बशीभर कांदेपोहे खाल्लेले मूल आठला जेवणार नाही, आणि त्यात त्याचा अपराध नाही. सातूच्या पिठाचेही तसेच. अष्टांगहृदयात सक्तू भोजनोत्तर, रात्री, अधिक मात्रेत घेऊ नयेत असे स्पष्ट सांगितले असता आपण 'पौष्टिक' म्हणून झोपण्यापूर्वी दुधातून देण्यास सुचवितो. सातू शाळेतून आल्यावर, रिकाम्या पोटी, पातळ करून, गुळासह द्यावेत.

आपल्या भागात जून ते सप्टेंबर ही मांडणी बिघडते. लाह्या दोन दिवसांत मऊ पडतात, पिठांना जाळी धरते, आणि नेमका याच काळात वर्षाऋतूतील अग्नी स्वभावतःच दुर्बल असतो. त्या दिवसांत बरण्या आणखी लहान कराव्यात, लाह्या तव्यावर कोरड्या परतून घ्याव्यात आणि गरम भातास अधिक स्थान द्यावे. जे मूल घरी एकटेच असते त्याने मात्र गॅसला हात लावू नये, हा नियम बाराही महिने. त्याच्यासाठी सकाळी भरून ठेवलेला दुहेरी आवरणाचा डबा हाच मार्ग.

रात्रीचे जेवण आठ वाजता, वडिलांची वाट न पाहता, असे मी सुचविले तेव्हा खरा विरोध झाला, आणि तो वडिलांकडून. "दिवसातून एकदाच तर पोरगा भेटतो, तेही ताटावर," असे ते म्हणाले. यावर शास्त्राधाराने उत्तर देता येईल, पण ते देण्याचे धैर्य मला झाले नाही. अखेर ठरले ते असे : शालेय दिवसांत मुलाने आठला जेवावे, वडील जेवताना त्याने शेजारी बसावे, खाऊ नये. आठवड्यातून दोन रात्री दोघेही साडेनऊला एकत्र जेवतात. त्या दोन रात्री मी आडकाठी करीत नाही. सहा आठवड्यांनी मलप्रवृत्ती रोजची झाली, जिव्हा निराम झाली. हिंग्वष्टक तेच, मात्रा तीच. फक्त त्यास आता एक निश्चित प्रथम ग्रास लाभला होता.

आता एक प्रसंग माझ्या स्वतःच्या घरचा. तो सांगण्यास संकोच वाटतो, परंतु औषधालये चालविणाऱ्या वाचकांसाठी तो आवश्यक आहे. माझ्या सासूबाईंना अम्लपित्तासाठी मी अविपत्तिकर चूर्ण दिले होते. दवाखान्यातील मोठ्या डब्यातून काढून, एका पांढऱ्या प्लास्टिकच्या बरणीत, वर चिठ्ठी न लावता. घरचेच तर माणूस! ती बरणी ओट्यावर नाचणीसत्त्वाच्या बरणीशेजारी राहिली. मी सायंकाळी पाच ते नऊ दवाखान्यात असते. शाळेतून आलेल्या माझ्या मुलीने दोन मोठे चमचे चूर्ण दुधात ढवळून घेतले. शर्करेमुळे ते गोडच लागते. त्रिवृताने आपले कार्य यथास्थित केले. रात्रभर द्रवमलप्रवृत्ती होत राहिली, मी मीठ-साखरेचे पाणी पाजीत बसले आणि पहाटे तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. दोन दिवसांत ती पूर्ववत झाली. त्या बरणीत एखादा रसकल्प असता तर काय, हा विचार मात्र अद्याप सुटत नाही.

निर्मात्याच्या मूळ बाटलीवर औषधाचे नाव, घटकद्रव्ये, आवश्यक तेथे वैद्यकीय देखरेखीची सूचना, हे सर्व असते. आपण सुटे औषध काढून देतो त्या क्षणी ते सारे आपल्याच काउंटरवर मागे राहते. रुग्णाच्या घरी पोहोचते ती निनावी पुडी, आणि तिची जागा ठरते स्वयंपाकघर, कारण अनुपानाचे तूप, मध, कोमट पाणी तेथेच असते. म्हणजे बालकाचा खाऊ व आजोबांचे औषध यांना आपणच शेजारी बसवितो.

त्या दिवसापासून दवाखान्यातून एकही बरणी चिठ्ठीविना बाहेर जात नाही : औषधाचे नाव, कोणासाठी, मात्रा, दिनांक आणि ठळक अक्षरांत 'मुलांच्या हाती लागू देऊ नये'. बरण्याही बदलल्या. खाद्यपदार्थांच्या बरण्यांसारख्या पांढऱ्या रुंद तोंडाच्या बरण्या बंद करून तपकिरी, अरुंद तोंडाच्या आणल्या. खर्च थोडा वाढला. भूक वाढविणारे सिरप मागावयास येणाऱ्या पालकास सिरप देण्यापूर्वी आमची मदतनीस आता दोन प्रश्न विचारते : शाळेतून आल्यावर मूल काय खाते, आणि रात्री किती वाजता जेवते. पुष्कळ पालक उत्तर देता देताच थांबतात. काही जण सिरप न घेताच जातात, हेही खरे. माझ्या औषधविक्रेत्या स्नेह्यांना ही गोष्ट रुचत नाही. त्यांचे म्हणणे मी ऐकून घेते.

नवीन बालरुग्णाच्या केसपेपरवर मी अलीकडे एक चौकोन आखून घेतला आहे. त्यात आई किंवा आजी स्वयंपाकघरातील फडताळांचे कच्चे चित्र काढून देतात : मुलाचा हात कोठवर पोहोचतो आणि त्या उंचीवर काय आहे. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी त्या चित्रात सर्वांत खालच्या कप्प्यात आपली स्वतःची गोळ्यांची पेटी काढून दाखविली, आणि चित्र पुरे होण्याआधीच पेन खाली ठेवून सुनेला फोन लावला.