प्रा. धनंजयराव गाडगीळ : पूर्ण हिशेब मांडणारे अर्थतज्ज्ञ

पुण्यात एका चौदा वर्षांच्या मुलाला वेडा राघू दिसला. उडत्या किडींवर जगणारा हा हिरवा पक्षी शेताच्या कडेला तारेवर नेहमी बसलेला आढळतो. मात्र या पक्ष्याच्या शेपटीतील काडीसारखे लांब पीस नाहीसे झालेले होते. मुलाने वडिलांना कारण विचारले. वडील स्वतः पक्षिनिरीक्षणात रमणारे. परंतु अंदाजाने उत्तर देण्याऐवजी त्यांनी मुलाला थेट सालिम अली यांना पत्र लिहिण्यास सांगितले. लवकरच उत्तर आले : पीस गळून नवे येण्याचा तो काळ होता. तो मुलगा म्हणजे पुढे परिसरशास्त्रज्ञ झालेले माधव गाडगीळ आणि वडील म्हणजे अर्थशास्त्राचे प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १९०१ मध्ये नाशिक येथे झाला. केंब्रिजमधील अभ्यासातून सिद्ध झालेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली. प्रत्यक्ष पाहणी करावी, मोजावे आणि मगच मत द्यावे, ही त्यांची रीत होती.

गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची त्यांनी केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याचे मोल केवळ पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरवावे, हे त्यांना मान्य नव्हते. बागायतीमुळे वाढणारे उत्पन्न, मजुरांना मिळणारे काम, भोवतालच्या व्यापाराला येणारी गती, असे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष दोन्ही लाभ त्यांनी विचारात घेतले.

पाहणी करून ते थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रवरा खोऱ्यातील शेतकरी यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. १९५०-५१ मध्ये या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम पार पडला. ऊस पिकविणारा शेतकरीच कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे यातून सिद्ध झाले.

घरी मुलाशी बोलतानाही हिशेबाची हीच दृष्टी कायम असे. कोयना प्रकल्पाच्या संदर्भात त्यांनी मुलाला सांगितले होते, की वीज आपल्याला हवीच आहे. पण तिच्यासाठी जंगलाचा आणि तेथील माणसांच्या जगण्याचा नाश व्हावा काय? कालव्याचा अप्रत्यक्ष लाभ मोजणारा हा अर्थतज्ज्ञ धरणाची अप्रत्यक्ष किंमतही विसरत नव्हता. पुढे पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचे अध्यक्षपद भूषविताना माधव गाडगीळ यांनी हाच प्रश्न देशापुढे ठेवला.

१९६७ मध्ये धनंजयराव योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे ‘गाडगीळ सूत्र’ चौथ्या पंचवार्षिक योजनेत लागू झाले. त्यात लोकसंख्येला ६० टक्के भार होता. त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये पतपुरवठ्यासाठी क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचविला. त्याच वर्षी अग्रणी बँक योजना सुरू झाली. आज देशातील प्रत्येक जिल्ह्याचा पीककर्ज आराखडा ज्या व्यवस्थेतून तयार होतो, तिचे मूळ येथे आहे.

३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्याकडे परतत असताना रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी त्यांचा वारसा अत्यंत व्यवहार्य आहे. कीटकनाशकाच्या फवारणीची शिफारस करताना औषध आणि मजुरी एवढाच खर्च धरल्यास हिशेब अपुरा राहतो. मरणारे मित्रकीटक, परागीभवन करणाऱ्या मधमाश्या आणि फवारणी करणाऱ्याचे आरोग्य, या बाबीही त्याच वहीत नोंदल्या पाहिजेत. आणि एखाद्या शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर अंदाज न बांधता जाणकाराला विचारावे. धनंजयरावांनी घरातल्या मुलाला दिलेला तो धडा शिवारातही तितकाच उपयोगी आहे.