हीटर बंद, तरी पाणी कोमट

सोमवारी सकाळी आठ वाजता मँचेस्टरमधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी थंड पाण्याचा नळ सोडला आणि खाली थर्मामीटर धरला. 24 अंश. शुक्रवारी संध्याकाळी याच नळाचं पाणी 12 अंशांवर होतं. महिना फेब्रुवारीचा, शनिवार-रविवार इमारत रिकामी, हीटिंग अगदी मंद केलेलं. मग पाणी तापवलं कुणी?

या इमारतीत थंड पाणी पाइपात साचून राहू नये म्हणून ते सतत फिरवलं जातं. पंपातून निघायचं, सगळे मजले हिंडायचं आणि परत पंपाकडे यायचं. नळ उघडला की थोडं पाणी बाहेर जातं आणि तेवढंच ताजं पाणी आत येतं.

आता, 24 अंशांनी एवढं काय बिघडतं? तर लीजनेला नावाचा जिवाणू साधारण 20 ते 45 अंशांच्या पाण्यात सुखाने वाढतो. शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर तो फुप्फुसात गेला तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता. तिथे हा आजार पहिल्यांदा ओळखू आला, आणि त्या सैनिकांच्या संघटनेवरूनच जिवाणूचं बारसं झालं. म्हणून ब्रिटनमध्ये थंड नळाचं पाणी 20 अंशांच्या खाली ठेवायचा दंडक आहे. आम्ही त्याच्या चार अंश वर होतो.

पहिला संशय अर्थातच गरम पाण्याच्या लाइनवर. मिक्सर-नळातला उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह खराब झाला की गरम पाणी गुपचूप थंड लाइनमध्ये शिरतं, हे नेहमीचं दुखणं आहे. पुढच्या वीकेंडला गरम लाइन पूर्ण बंद केली. सोमवारी पुन्हा 24. दुसरा संशय पाइप जातात त्या उभ्या डक्टवर. पण डक्टमधली हवा होती 17 अंश! इथे मी थबकले. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते. 17 अंशांची हवा पाण्याला 24 पर्यंत कशी नेणार? म्हणजे उष्णता बाहेरून येतच नव्हती, आतच कुठेतरी तयार होत होती. आणि आत काम करणारी वस्तू एकच होती, पंप.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मिक्सरमध्ये चटणी जास्त वेळ फिरवली की भांडं कोमट होतंच ना?" बरोबर! पंपाचं पातं पाण्याला ढकलतं. पाणी पाइपाच्या भिंतींना घासतं, कोपऱ्यांवर, व्हॉल्व्हवर घुसळतं आणि मिळालेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन पाण्यातच उतरते. पाणी शेवटी जिथून निघालं तिथेच परत येतं, उंच टाकीत चढून बसत नाही. मग ती ऊर्जा दुसरीकडे जाणार कुठे?

गंमत म्हणजे हे सिद्ध करणारा माणूस इथलाच. जेम्स जूल, मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डचा, घरचा धंदा बिअर गाळण्याचा. 1840च्या दशकात त्याने पाण्याच्या भांड्यात पाती बसवली, दोरीला वजनं टांगली, आणि वजनं खाली येताना पाती फिरून पाणी किती तापतं ते मोजलं. वीस-वीस वेळा वजनं सोडून पाणी तापायचं जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट. त्या हिशोबाने पाणी 427 मीटरवरून पडलं तर एक अंश सेल्सिअस तापेल. त्याने काढलेला आकडा आजही त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. तीर्थक्षेत्र म्हणून मी एकदा बघून आले.

आमचा हिशोब असा. पाइपांमध्ये पाणी सुमारे 800 लिटर, आणि मोटरच्या तारांत वाया जाणारी वीज सोडली तर पाण्याला मिळत होते साधारण 800 वॉट. एक फेरी पुरी व्हायला सात मिनिटं, आणि फेरीमागे वाढ अंशाच्या दहाव्या भागाएवढी. म्हणूनच कुणाच्या डोक्यात येत नाही. पंपाआधी आणि पंपानंतर थर्मामीटर लावला तरी फरक नजरेतून सुटेल. पण तासाला जवळपास नऊ फेऱ्या, म्हणजे सुरुवातीला तासाला 0.86 अंश निव्वळ पंपाचा. एरवी लोक नळ उघडतात, कोमट पाणी जातं, थंड येतं. वीकेंडला नळ कुणी उघडत नाही, आणि तेच पाणी चकरा मारत राहतं.

मग ते 24 वरच का थांबलं, उकळलं का नाही? पाणी जसं तापतं तसं ते डक्टला जास्त उष्णता देऊ लागतं. हवेपेक्षा सात अंश वर गेल्यावर आवक-जावक सारखी झाली. इथे एक उलटा प्रकार दिसतो. उन्हाळ्यात बाहेरची उष्णता रोखायला पाइपांवर जाड इन्सुलेशन चढवलेलं असतं. फेब्रुवारीत तेच गोधडीसारखं पंपाची उष्णता धरून ठेवत होतं.

(दुबई-अबुधाबीची मंडळी म्हणतील, आमच्याकडे तर ऑगस्टमध्ये थंड नळालाच चटका बसतो! ती करामत पंपाची नसते, टाकीवरच्या उन्हाची. म्हणून तर तिथे लोक गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी थंड म्हणून वापरतात.)

उपाय स्वस्तात झाला. पंप गरजेपेक्षा मोठा बसवलेला होता. त्याचा वेग निम्मा केला की अशा फिरत्या लाइनमध्ये लागणारी शक्ती साधारण आठव्या भागावर येते, म्हणजे 800 वॉटचे 100. एवढ्याने पाणी डक्टच्या हवेपेक्षा फार तर अंशभर वर जाईल. पंप पूर्ण बंद करणं मला पटलं नाही, कारण मग पाणी साचणार, आणि साचलेलं पाणी लीजनेलाला आवडतंच. शिवाय रविवारी रात्री लांबच्या नळांचं पाणी आपोआप सोडून द्यायची सोय केली, कारण उन्हाळ्यात डक्टच 20 च्या वर जाईल तेव्हा नुसता वेग कमी करून भागणार नाही.

त्यानंतरच्या सोमवारी पुन्हा आठ वाजता चौथ्या मजल्यावर गेले. 17.6.