पोतदार, पोद्दार आणि खोटा रुपया

उद्या वर्गात हजेरी सुरू झाली की जरा कान देऊन ऐका. सुतार, लोहार, कुलकर्णी, देशमुख अशी धंद्यावरून किंवा हुद्द्यावरून पडलेली आडनावे तुम्हाला सहज ओळखू येतील. पण यादीत एखादा पोतदार असला, तर मधल्या सुट्टीत त्याला विचारा, "काय रे, तुझे पूर्वज काय काम करीत?" बहुधा उत्तर येईल, "पोती उचलत असतील!"

पोत्याचा संबंध आहे खरा, पण ते पोते धान्याचे नव्हे. फारसीत 'फोता' म्हणजे कापड, आणि त्यावरून पैसे बांधून ठेवण्याची थैली, खजिना. 'दार' म्हणजे बाळगणारा. जमीनदार, फौजदार हे शब्द तुम्हाला माहीत आहेतच. तेव्हा फोतदार म्हणजे खजिना सांभाळणारा. काश्मीरमध्ये हे नाव फोतेदार म्हणून जवळजवळ मूळ रूपात राहिले. आपल्याकडे 'फ'चा 'प' होऊन पोतदार झाले. आणि राजस्थान व बंगालमध्ये झाले पोद्दार. हे कसे, तर संधीचा नियम आठवा. उत् अधिक दीपन म्हणजे उद्दीपन. पुढे 'द' आला की आधीचा 'त्' त्याच्यासारखाच होतो. पोत् आणि दार भरभर म्हणून पाहा, तुमची जीभही पोद्दारच म्हणेल. व्याकरण न शिकलेल्या माणसांच्या तोंडीही संधी आपोआप होतात, याची मला नेहमी गंमत वाटते.

असे सगळीकडेच घडते. जर्मनीत लोहाराला श्मिट म्हणतात. तेच आडनाव दक्षिणेकडे श्मिड होते, तर ऱ्हाईन नदीकाठी श्मिट्स. टांकसाळीत काम करणाऱ्यावरून म्युन्त्सर हे आडनाव पडले. आपल्याकडेही नाण्यांवरून पडलेले पोतदार हे एकच आडनाव नाही. नाणी बदलून देणारा तो अरबी 'सर्राफ'. त्याचा मराठीत सराफ झाला आणि इंग्रजांच्या तोंडून फिरून आलेला श्रॉफ गुजराती व पारशी घरांत रुजला. पारख करणारे ते पारख, पारखी आणि पारेख. हुद्दा कोणालाही मिळू शकत असल्यामुळे पोतदार आडनाव निरनिराळ्या जातींत आढळते. दोन पोतदार एकमेकांचे नातेवाईक असतीलच असे नाही.

महाराष्ट्रात पोतदाराचे मुख्य काम होते नाणी पारखण्याचे. पुष्कळ गावांत हे काम गावचा सोनारच करी. सारा भरायची वेळ आली, की शेतकरी कनवटीचे रुपये काढून पुढे ठेवी आणि पोतदार एकेक रुपया हातात घेई. पारख करायची कशाला, रुपया तो रुपया, असे तुम्ही म्हणाल. पण मराठेशाहीत रुपया एक नव्हताच! ठिकठिकाणी टांकसाळी होत्या. आपल्या नाशिक जिल्ह्यातच चांदवडला एक होती आणि तिचा 'चांदवडी' रुपया ओळखला जाई. पुण्याकडे 'अंकुशी' चाले. प्रत्येकाचे वजन आणि चांदी थोडी वेगळी. शिवाय झिजलेले, कापलेले आणि अगदी खोटे रुपये होतेच. कमी कसाच्या नाण्यावर जी तूट धरली जाई, तिचे नाव बट्टा. पोतदाराने दोन आणे बट्टा सांगितला, की शेतकऱ्याच्या रुपयातले दोन आणे तिथल्या तिथे गेले. वर्षभर राबून आणलेल्या पैशाची किंमत दुसऱ्याच्या डोळ्यांवर आणि बोटांवर ठरे, आणि शेतकऱ्याजवळ ती ताडून पाहण्याचे साधन नसे. आपण 'नावाला बट्टा लागला' असे म्हणतो, ते या बट्ट्यावरूनच.

आता पोतदार नेमके काय करी, ते पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहू या. उदाहरणाला इंग्रजांचा रुपया घेऊ, कारण त्याचे आकडे पक्के आहेत. १८३५ च्या कायद्याने त्याचे वजन ठरले १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६, हिशेब केला तर या मिश्रणाची घनता सुमारे १०.३४ येते. म्हणजे रुपयाचे घनफळ सुमारे १.१३ घन सेंटिमीटर. कुणी लबाडाने निम्मी चांदी व निम्मे तांबे घालून तेवढ्याच वजनाचा रुपया केला, तर घनफळ होईल सुमारे १.२१. व्यास तोच ठेवला तर जाडी वाढणार केवळ एक दशांश मिलिमीटर, साधारण वहीच्या एका कागदाइतकी! हा फरक चिमटीत ओळखायचा, म्हणजे बोटे किती तयार हवीत पाहा.

आणि घनतेलाही फसवता येते. तांबे चांदीहून हलके, पण शिसे (घनता ११.३४) चांदीहून जड. दोन्ही बेताने घातली, तर सरासरी बरोबर चांदीच्या रुपयाइतकी भरेल. इथे तराजू हरतो. मग पोतदार रुपया दगडावर टाकून वाजवी. चांदीची चकती आपटली की तिची कंपने बराच वेळ टिकतात आणि खण्ण असा नाद निघतो. शिशात अंतर्गत घर्षण फार. कंपनांची ऊर्जा लगेच उष्णतेत जाते आणि आवाज येतो थप्प. आत शिशाचा गाभा आणि वर चांदीचा पत्रा असेल तरी तेच. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग भौतिकशास्त्राच्या पुस्तकात घालायला हरकत नाही.

एवढ्यानेही शंका राहिली तर नाणे तापवायचे. शुद्ध चांदी तापवली तरी पांढरी राहते. तांबे मिसळलेले असेल तर त्याचे ऑक्साइड होऊन नाणे काळवंडते. सोन्यासाठी काळा गुळगुळीत दगड, म्हणजे कसोटी. तिच्यावर सोने घासायचे आणि माहीत असलेल्या कसाच्या रेघेशेजारी ती रेघ ताडून पाहायची. शेवटचा उपाय छिन्नीचा. जुन्या रुपयांवर लहान लहान ठसे आणि टोचे दिसतात ना, त्यांतले पुष्कळसे अशा पारख्यांनी केलेले आहेत.

हे काम हलके समजू नका. साक्षात न्यूटनने ते केले आहे! १६९६ साली तो लंडनच्या टांकसाळीत अधिकारी झाला आणि १७२७ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. खोटी नाणी पाडणाऱ्यांचा त्याने चिकाटीने पाठलाग केला. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही 'रूपदर्शक' नावाचा नाणी तपासणारा अधिकारी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात तर ३५ कार्षापण बरोबर एक सुवर्ण असा भावच कोरलेला आहे.

१८३५ नंतर यंत्रावर पाडलेला, एका वजनाचा, कडेला खाचा असलेला रुपया आला. कडा तासली की खाचा जातात आणि चोरी उघडी पडते. चांदवडी, अंकुशी हळूहळू वितळवले गेले आणि पोतदाराचे काम संपले. आडनाव तेवढे उरले. पुढे १९२८ मध्ये नाशिकरोडला नोटा छापण्याचा कारखाना निघाला. कागदाला कसोटीचा दगड काय करणार? तिथे जलचिन्ह आणि धागा पाहावा लागतो.

तुम्हाला मात्र अजून पोतदार होता येईल. घरी आजीजवळ राणीछाप किंवा राजाछाप रुपये असतील तर साल पाहा. १९४० ते १९४५ या युद्धाच्या काळातल्या रुपयात चांदी निम्मीच आहे. वजन मात्र तेच. सारख्या जातीचे दहा रुपये पातळ दोऱ्याने बांधा, शाळेच्या तराजूवर आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोला. जुने, म्हणजे १९४० च्या आधीचे रुपये पाण्यात सुमारे ११.३ ग्रॅमने हलके भरतील, युद्धकाळातले सुमारे १२.२ ग्रॅमने. नाण्यांना हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, आणि चिंच-राखेने घासून ती चकचकीत तर मुळीच करू नका. घासताना चांदी जाते आणि मग तुमचा आकडाही चुकतो. प्रयोग झाला की रुपये पुसून, मोजून आजीला परत द्या. ती ते बहुधा पुन्हा मोजेल.