मोटार घेतांना : इंजिन लहान कीं मोठें?

रनाळ्याच्या एखाद्या एकत्र कुटुंबांत मोटार घ्यावयाचें ठरलें, कीं रंगाविषयीं चार दिवस वाद होतो. इंजिनाचा विचार मात्र विक्रेत्यावर सोंपविला जातो. वस्तुतः पुढचा सारा खर्च तेथेंच ठरतो.

घरांतील एकदोन माणसें नंदुरबारास किंवा दोंडाईच्यास जाऊन येणार असतील, तर १००० सीसीचें इंजिन पुरेसें आहे. मोठें इंजिन अशा सपाट वाटेवर अर्ध्या शक्तीनेंही चालत नाहीं, आणि पेट्रोल मात्र अधिक घेतें. परंतु पांच माणसें बसलीं, कीं सुमारें ३२५ किलो भार वाढतो. नऊशें किलोच्या गाडीला तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. त्यांत खानदेशचा वैशाख, एसी चालू, आणि वाट तोरणमाळच्या घाटाची! मग लहान इंजिनाला खालच्या गिअरवर जोरानें फिरावें लागतें व बचतीचा हिशेब फसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या गाडीवर, पेट्रोल इंजिन १२०० अथवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असल्यास, वस्तु व सेवा कर १८ टक्के आहे. त्यापुढें ४० टक्के. ही मर्यादा बहुतेक घरांनीं ओलांडूं नये, असें आम्हांस वाटतें. टर्बो लावलेलें १००० सीसीचें इंजिनही सुमारें शंभर अश्वशक्ति देऊं शकतें. तेव्हां केवळ आकड्यावर जाऊं नये.

गाडी चालवून पाहावयास एकट्यानें जाऊं नका. वडीलधाऱ्यांसह पांचही जागा भरा, एसी लावा आणि एखादा चढ शोधा. विक्रेता थोडा कुरकुरेल.