कट्यारीची परीक्षा : अस्सल, जोड व बनावट

जुन्या कागदाची परीक्षा कशी करावी याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कागद, शाई, अक्षराचें वळण, मायना, शिक्का व मिति यांचा कस लावल्यावांचून कोणीहि जाणता संशोधक कागदास अस्सल म्हणत नाहीं. शस्त्रांच्या बाबतींत मात्र ही सावधगिरी क्वचितच दिसते. पात्यावर थोडा गंज असला, मुठीवर सोन्याची एखादी रेघ असली आणि विकणाराच्या तोंडीं एखाद्या सरदाराचें नांव असलें, कीं वस्तु तीनशें वर्षांची ठरते. वास्तविक शस्त्र हाहि एक दस्तऐवजच होय. तो वाचावयाची लिपि तेवढी निराळी. प्रस्तुत लेखांत कट्यार हें एकच शस्त्र उदाहरणादाखल घेऊन ती लिपि कशी वाचावी, याचें दिग्दर्शन करावयाचें आहे.

कट्यार निवडण्याचें कारण उघड आहे. ती लहान, बाळगण्यास सोपी, घराण्यांच्या देव्हाऱ्यांतून व जुन्या बाजारांतून अद्याप आढळणारी. म्हणून संग्राहकांची आवडती, आणि म्हणूनच लबाडी करणारांचीहि आवडती. तिची घडण सर्वांस परिचित आहे. दोन उभ्या समांतर पट्ट्या, त्यांना सांधणाऱ्या दोन किंवा अधिक आडव्या दांड्या, आणि पुढें दुधारी पातें. आडव्या दांड्या मुठींत धरल्या म्हणजे पातें हाताच्या सरळ रेषेंत येतें व सर्व बळ टोंकावर एकवटतें. लहान शस्त्रास अमरकोशांत जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत ‘असिपुत्री’ हें एक आहे. तरवारीची मुलगी! हें नांव दक्षिणेंतील अनेक कट्यारींना अक्षरशः लागू पडतें, तें कसें हें पुढें दिसून येईल.

प्रथम तीन वर्ग स्पष्ट केले पाहिजेत. जिचे सर्व भाग एकाच काळीं एकमेकांसाठीं घडले, ती अस्सल व अखंड. जिचे भाग निरनिराळ्या काळचे वा निरनिराळ्या देशांचे असून मागाहून एकत्र आले, ती जोड. आणि जी आजची असून जुनी म्हणून पुढें केली जाते, ती बनावट. यांपैकीं पहिल्या व तिसऱ्या वर्गाविषयीं फारसा घोटाळा होत नाहीं. खरा घोटाळा मधल्या वर्गाचा आहे. जोड दिसली कीं कांहीं जण ती टाकाऊ समजतात, कांहीं जण ती लपवितात. दोन्ही चुकीचें. जोड केव्हां झाली, हा खरा प्रश्न आहे.

सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपांतून लांब, लवचिक पातीं मोठ्या प्रमाणावर या देशीं येत. आपल्याकडे अशा पात्याच्या तरवारीस फिरंग म्हणत. तीं पातीं मोडलीं तरी पोलाद वायां जात नसे. तुकडा कापून, त्यास टोंक काढून तो कट्यारीच्या मुठीस बसवीत. असिपुत्री हें नांव येथें सार्थ होतें. दक्षिणी कट्यारींत असें पातें बसविण्याची रीत अशी कीं, मुठीच्या बुडापासून पुढें आलेल्या दोन पट्ट्यांच्या चिमट्यांत तें धरावयाचें व आरपार खिळे ठोकून पक्कें करावयाचें. म्हणजे पातें युरोपांतलें, मूठ दक्षिणेंतली, आणि तरीहि ती कट्यार सतराव्या शतकांतील पूर्ण प्रामाणिक वस्तु! तिच्यावरून समुद्रापलीकडील व्यापार, येथील लोहाराचें कौशल्य व पोलादाची किंमत या तिन्ही गोष्टी कळतात. अशा कट्यारी तंजावरच्या राजवाड्यांतील शस्त्रागारांत पुष्कळ होत्या. इ. स. १८५५ त तेथील राजे दुसरे शिवाजी पुत्रसंततीवांचून वारल्यावर राज्य खालसा झालें आणि पुढें तें शस्त्रागारहि मोडण्यांत आलें. बरींचशीं शस्त्रें मोडीच्या भावानें गेलीं. निवडक मद्रासच्या सरकारी संग्रहालयांत राहिलीं. या शस्त्रागाराविषयीं वॉलहाऊस यांनीं इ. स. १८७८ त ‘इंडियन अँटिक्वेरी’ मध्यें लिहिलें आहे, तें जिज्ञासूंनीं अवश्य पाहावें.

आतां परीक्षेचा क्रम. नैयायिकांनीं प्रमाणें सांगितलीं आहेत त्यांपैकीं प्रत्यक्ष, अनुमान व शब्द हीं तीन येथें पुरेशीं आहेत. मात्र क्रम हाच ठेवावा. आधीं वस्तु पाहावी, मग तिच्यावरून अनुमान करावें, आणि सर्वांत शेवटीं सांगणाराचा शब्द ऐकावा. विकणारा हा कोणत्याहि शास्त्राप्रमाणें आप्त नव्हे.

प्रत्यक्षाचा आरंभ पात्यापासून करूं नये, सांध्यापासून करावा. पातें व मूठ हीं दोन्ही जुनीं असूं शकतील, पण त्यांचा संबंध कधीं जुळला हें फक्त सांधा सांगतो. खिळ्यांचीं डोकीं पाहावीं. जुना खिळा हातानें ठोकलेला असतो; त्याचें डोकें किंचित् वेडेंवांकडें असतें व त्याच्या कडेस बसलेला काळा थर भोवतालच्या पट्टीवरील थराशीं एकजीव झालेला असतो. भोवतालीं काळोखी आणि खिळा मात्र लखलखीत, असें दिसल्यास खिळा नवा. अर्थात् पातें मागाहून बसविलेलें किंवा पुन्हां बसविलेलें. पट्टीस अधिक भोंकें असून तीं रिकामीं किंवा बुजविलेलीं असतील, तर पूर्वीं तेथें दुसरें पातें होतें असें समजावें. उत्तरेकडील कट्यारींत बहुधा पातें मुठीसच तापवून, ठोकून जोडलेलें असतें. तेथें सांध्याची रेघ अस्पष्ट, अरुंद असते. त्याऐवजीं फुगीर, मण्यांच्या माळेसारखी ओळ दिसली किंवा ती कानशीनें घासून सपाट केल्याच्या खुणा दिसल्या, तर तें विजेच्या सांधणीचें काम होय; आणि ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या दोन दशकांपूर्वीं नव्हती.

मुठीच्या पट्ट्यांची आंतली बाजू पाहावयास विसरूं नये. बाहेरची बाजू सर्वच घासून पुसून ठेवतात. आंत हात पोंचत नाहीं. तेथें कानशीचे लहानमोठे, तिरकस ओरखडे असतील तर हातकाम. अगदीं समांतर व एकसारख्या बारीक रेघा असतील तर यंत्राचें चाक फिरलें आहे. सांच्यांत ओतलेल्या मुठीवर बारीक छिद्रें व मधोमध सांच्याची रेघ सांपडते. घडीव पोलादी मुठीच्या जातींत अशी मूठ आढळली तर तिचा संशय घ्यावा. जुन्या दक्षिणी कट्यारींना पंज्याच्या रक्षणासाठीं पानाच्या आकाराचें पत्र्याचें आवरण असे. तें पुष्कळदां तुटून गेलेलें असतें; परंतु त्याचे बुंधे किंवा भोंकें मुठीवर शिल्लक असतात. हा कमीपणा नव्हे. उलट वयाचा पुरावा आहे.

यानंतर पातें. चिलखताच्या कड्या भेदाव्या म्हणून चांगल्या कट्यारीचें टोंक मुद्दाम जाड केलेलें असतें. पत्र्यासारखें सर्वत्र एकाच जाडीचें, लवलवणारें पातें भिंतीवर टांगण्यासाठीं केलेलें समजावें. गंज न लागणारें पोलाद इ. स. १९१३ त शेफील्ड येथें ब्रेअर्ली यांनीं प्रचारांत आणलें. तेव्हां जें पातें दमट हवेंत वर्षानुवर्षें राहूनहि आरशासारखें राहतें, तें पेशवाईंतलें असणें शक्य नाहीं. युरोपियन कारखान्याच्या खुणेवरहि विसंबूं नये. पासाऊ व झोलिंगेन येथील लांडगा किंवा जिनोव्हाचे दंतुर अर्धचंद्र यांची नक्कल येथील लोहार त्या काळींच करीत असत. म्हणून खूण परदेशी व पातें देशी असें आढळलें तरी तें जुनें असूं शकतें. फक्त त्यास फिरंगी म्हणूं नये.

जौहरदार पोलादाविषयीं फार फसवणूक होते. मुशींत शिजविलेल्या या पोलादाच्या अंगांतच नक्षी असते. ती पाण्यावरील तरंगांसारखी अनियमित, बारीक व सर्व जाडीभर असते. दोन जातींच्या लोखंडाचे थर ठोकून केलेल्या पात्याची नक्षी पट्ट्यांची, पिळाची, पुनरावृत्त अशी दिसते. हेंहि जुनें काम असूं शकतें, पण त्याचें नांव निराळें. तिसरी नक्षी केवळ आम्लानें वर काढलेली असते. ती धारेपाशीं जेथें घासण्याचें काम अधिक होतें तेथेंच नेमकी नाहींशी होते, आणि खऱ्या जौहरासारखी हिराकसाच्या पाण्यानें परत उमटत नाहीं. तथापि हा प्रयोग संग्राहकानें घरीं करूं नये. डोळा व भिंग यांनीं जेवढें कळेल तेवढ्यावर समाधान मानावें.

सोन्याचें काम ओळखणें त्या मानानें सोपें आहे. कोफ्तगरींत पोलादावर आडव्यातिडव्या बारीक रेघा पाडून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवितात. सोनें झिजलें म्हणजे खालचें हें जाळें उघडें पडतें. विजेच्या मुलाम्याची कला इ. स. १८४० च्या सुमारास प्रचारांत आली. त्या मुलाम्याखालीं जाळें नसतें, आणि मुलामा मागाहून दिला असल्यास सोनें गंजाच्या खळग्यांच्या तळापर्यंत उतरलेलें दिसतें. गंज आधीं व सोनें नंतर, हा क्रम सर्व कांहीं सांगून जातो. गंजाविषयींहि हेंच. काळाचा गंज काळसर, घट्ट व असमान असतो. मीठ व आम्ल लावून आणलेला गंज तांबडा, भुसभुशीत व सर्वत्र सारखा असतो, जणूं कोणीं रंगच दिला आहे.

लेखांची परीक्षा आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाची. इ. स. १६८९ त अदवानीचा किल्ला पडल्यावर बिकानेरचे महाराज अनूपसिंह यांनीं तेथील शस्त्रें नेलीं. बिकानेरच्या शस्त्रागारांतील वस्तूंवर ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेले देवनागरी लेख आढळतात. अशा लेखानें किंमत वाढते, म्हणून नवे लेखहि कोरले जातात. ठिपक्याचा तळ भोवतालच्या थराहून उजळ असेल तर लेख नवा. याखेरीज गणिताची एक कसोटी आहे. नर्मदेच्या दक्षिणेकडील रीतीनें शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी उरेल तो प्रभवापासून संवत्सराचा अनुक्रम, व बाकी शून्य राहिल्यास क्षय. शके १५९६ मध्यें १२ मिळविले असतां १६०८. भागून बाकी ४८, म्हणजे आनंद. आणि राज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच होता. आतां कोणा कट्यारीवर ‘शके १६०१ आनंद संवत्सर’ असें असेल तर काय म्हणावें? बाकी ५३ येते, म्हणजे सिद्धार्थी. त्या काळच्या मनुष्यास चालू संवत्सर ठाऊक नाहीं असें सहसा होत नाहीं. नकल्यास मात्र तो ठाऊक नसतो. उत्तरेकडील लेखांस हें गणित लावूं नये, कारण तिकडील संवत्सरांचा क्रम निराळा चालतो.

शेवटीं शब्दप्रमाण. वस्तु जुनी असणें व तिची कथा खरी असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें इ. स. २०२४ च्या जुलैंत तीन वर्षांच्या मुदतीनें साताऱ्यास आणलीं गेलीं. तीं ग्रांट डफ यांच्याकडे होतीं, आणि त्यांच्या पेटीवरील लेखांत तीं शिवाजीमहाराजांचीं म्हटलीं आहेत. तथापि महाराजांनीं वापरलीं तीं हींच, हें सिद्ध करणें शक्य नाहीं, असें त्या संग्रहालयानेंच सांगितलें आहे. एवढ्या थोर नांवाच्या बाबतींत ही मर्यादा पाळली जाते, तर चार पिढ्यांच्या ऐकीव गोष्टीस आपण अधिक मान कां द्यावा? परंपरा टिपून ठेवावी. पण ‘परंपरा अशी’ असें म्हणूनच टिपावी.

या सर्वांचें प्रयोजन केवळ पैसे वांचविणें हें नव्हे. खोटी कट्यार एकदां संग्रहांत शिरली, तिजवर चिठ्ठी लागली व तिचें चित्र ग्रंथांत छापलें, कीं पुढील अभ्यासक तिजवरूनच त्या काळच्या मुठीचें मान व पात्याची घडण ठरवितो. उलट पक्षीं, जोड म्हणून टाकलेली खरी कट्यार मोडींत गेली तर तो पुरावा पुन्हां मिळत नाहीं. इ. स. १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणांत व १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर आधींच पुष्कळ नाहींसें झालें आहे.

म्हणून संग्राहकानें पुढील नियम पाळावे. वस्तु हातीं आल्याबरोबर घासूं नये. विटेची पूड, चिंच वा आम्ल यांनीं एका दुपारीं जेवढा पुरावा धुऊन जातो तेवढा शंभर वर्षांच्या गंजानेंहि जात नाहीं. सैल झालेला खिळा बदलूं नये. बदलणें भागच पडलें तर जुना खिळा चिठ्ठीसह जपावा. वजन, लांबी, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें, कोणाकडून व केव्हां मिळाली, हें वहींत लिहावें. शंभर वर्षांवरील अशी वस्तु खाजगी रीतीनें परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें मनाई आहे, आणि हस्तिदंती मुठीची खरेदीविक्री वन्य प्राण्यांच्या कायद्यानें वर्ज्य आहे, हेंहि ध्यानांत असावें. वर्णन लिहितांना ‘सतराव्या शतकांतील कट्यार’ असें एका वाक्यांत कधींहि लिहूं नये. पातें अमुक, मूठ अमुक, सोन्याचें काम अमुक व सांधा अमुक काळचा, असें चार ओळींत लिहावें. ज्या ओळीस पुरावा नाहीं ती कोरी ठेवावी. कोरी ओळ पुढचा अभ्यासक भरूं शकतो. खोटी भरलेली ओळ पुसावयास मात्र त्यास फार श्रम पडतात.